हौसाक्काचं कार्ड

मंडळी, ऐका! आज देवळात मी तुम्हाला एक बाजारातला प्रश्न विचारणार आहे. जगातली सगळ्यात महाग फी कुठली?

बोला, बोला! लाजू नका. काय म्हणालात? शाळेची? अहो, नातवंडाला बालवाडीत घालणारे आजोबा दिसताहेत हे! त्यांची जखम ताजी आहे. आणखी? डॉक्टरची? वकिलाची? वकिलाची म्हणणारे ते मागच्या खांबापाशी बसलेत, त्यांना जरा वाऱ्यावर बसू द्या!

ही सगळी फी मोठी खरी. पण तिची पावती तरी मिळते. एक फी अशी आहे, मंडळी, की जिची पावती नाही आणि सवलत नाही. ती आपण जन्मभर भरतो, आणि भरतोय हे आपल्याला कळतसुद्धा नाही! ती कुठली, ते मी सांगणार नाही. ते सांगेल हौसाक्का.

आता ही हौसाक्का कोण?

हौसाक्का रासकर! वाईच्या गणपती घाटावर, पायऱ्या सुरू होतात ना, तिथं डाव्या हाताला फुलांची पाटी घेऊन बसते. वय बासष्ट. शाळा चौथी. तोंड — तोंडाची इयत्ता विचारू नका! नवरा गेला तेव्हा पदरात दोन मुली होत्या. हार विकून दोघींची लग्नं केली, आणि कुणापुढे मान खाली घातली नाही. हे लक्षात ठेवा, मान खाली घातली नाही! गोष्टीत पुढं कामाला येणार आहे.

घाटावर हौसाक्कासकट आठ बायकांचं भजनी मंडळ. अध्यक्ष शैलावहिनी आठल्ये. या बायकांनी सहा वर्षं भिशी लावली आणि ठरवलं, विमानात बसायचं! कुठं जायचं? एक म्हणाली दुबई. एक म्हणाली सिंगापूर. हौसाक्का म्हणाली, ‘‘बालीला!’’

‘‘बाली? तिथं काय आहे गं?’’

‘‘माज्या धाकट्या जावयानं फोनमदी दाखिवलं. त्या बेटावर घरोघर सकाळी उठून दारात फुलं वाहत्यात. दारात, दुकानात, गाडीवर, भातात! रोज! अगं, मी चाळीस वर्सं फुलं इकली. मला ते गाव बघू द्या. जिथं समद्या दारात फूल हाय, ते गाव बघितल्याबिगर मी मरायची न्हाय!’’

झालं! ठरलं. बाली!

भिशीत विमान बसलं, हॉटेल बसलं, जेवण बसलं. राहिला वरखर्च. माणशी साडेतीन हजार. यातली पारूबाई चार घरची धुणीभांडी करते. तिनं ते साडेतीन हजार सहा महिने डब्यात साठवलेले! तुम्ही-आम्ही एका लग्नाच्या आहेरात घालवतो तेवढे.

आता हे पैसे तिकडे न्यायचे कसे? तिकडचं चलन वेगळं. मशीनमधून काढायचे, तर मशीन पैसे खातं असं ऐकलेलं. मग हौसाक्कानं काय केलं?

विचारलं!

मोगऱ्याचा गजरा घेतला आणि सरळ बँकेत गेली. खिडकीत मेघना म्हणून मुलगी होती, तिच्या पुढ्यात गजरा ठेवला. ‘‘बाळ, मी चौथी शिकले. मला काय बी कळत न्हाय. परदेशात मशीनमदनं पैसं काडताना कमीत कमी कापून कसं घ्यायचं, ते सांग.’’

मंडळी, ‘मला काही कळत नाही’ — हे वाक्य म्हणायला किती जोर लागतो! पेटीवाले बुवा हसताहेत. बुवा, तुम्ही मुलाकडे अमेरिकेला गेलात, तेव्हा विमानातल्या संडासाचं दार तासभर उघडत नव्हतं. विचारलंत का कुणाला? नाही! मग हसू नका, सूर धरा!

तर ती मुलगी खुलली. म्हणाली, ‘‘आजी, आपली बँक दर खेपेला वेगळे पैसे कापते. म्हणून आठ जणींनी आठ वेळा काढू नका. सगळ्यांचे एका खात्यात टाका, आणि थोड्या खेपांत मोठी रक्कम काढा. दुसरं म्हणजे रस्त्यावर, हॉटेलाच्या दारात झगमगतं मशीन असेल, त्याच्या वाटेला जाऊ नका. ते आपली स्वतःची फी वर लावतं. बँकेच्या भिंतीतलं मशीन शोधा, आणि बँक उघडी असताना जा. आणि आजी, सगळ्यात महत्त्वाचं! मशीन शेवटी विचारेल, तुमच्या रुपयांत हिशोब करून देऊ का? तेव्हा म्हणायचं, नको! तुझ्या इथल्याच पैशात दे!’’

‘‘का गं? रुपय तर आपलंच की!’’

‘‘आजी, तिथंच तर फसवतात! तो रुपयाचा भाव ते मशीन स्वतः लावतं. आपलं म्हणून आपण हो म्हणतो, आणि तिथंच जास्त जातात.’’

मंडळी, हे वाक्य काय नुसतं मशीनला लागू आहे? ‘तुमच्याच सोयीसाठी’ म्हणत जो पुढे येतो, त्याचा भाव आधी तपासून घ्या! असो. मी विषय सोडत नाही.

हौसाक्कानं सगळं गाठीशी बांधलं. आठ जणींचे अठ्ठावीस हजार तिच्या खात्यात आले. पारूबाईनं पैसे देताना नोटांवरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘‘हौसे, तुज्याकडं हाय म्हंजे देवाकडं हाय.’’

बायका बालीत उतरल्या. बरोबर एकच पुरुष, शैलावहिनींचे यजमान आठल्ये सर. बत्तीस वर्षं भूगोल शिकवला! आणि भूगोलाच्या मास्तरांनी रस्ता विचारायचा? छे! अब्रूचा प्रश्न! सर उतरले ते हॉटेलच्या दारातल्या झगमगत्या मशीनपुढेच उभे राहिले. मशीननं विचारलं, रुपयांत देऊ का? सर म्हणाले, अर्थात! हवे तेवढे थोडे थोडे काढायचे, सुरक्षित! सकाळी काढले, संध्याकाळी काढले. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढले. खेपेगणिक फी!

हौसाक्कानं पाहिलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, ‘‘सर, त्या मशीनला तुमी जावई करून घेतला का? जातायेता आहेर करताय!’’

बायका हसहसून लोळल्या. शैलावहिनीसुद्धा! सरांनी चष्मा पुसला.

हौसाक्काचं विचारणं तिथंही चालूच होतं. पहाटे हॉटेलच्या दारात एक बाई ताडाच्या पानाच्या छोट्या द्रोणात फुलं मांडून ठेवायची. पांढरं फूल, तांबडं फूल, चार भाताची शितं, एक उदबत्ती. हौसाक्का तिच्याशेजारी जाऊन बसली. भाषा? भाषा कशाला लागते! ही मराठीत बोलायची, ती तिच्या भाषेत. दोघी पानं दुमडायच्या. तिसऱ्या दिवशी हौसाक्कानं नोट दाखवली, बोटांनी चौकोन काढला, भुवई उडवली. त्या बाईनं बोट दाखवलं. चौकातली बँक! वर खूण करून सांगितलं, पन्नास हजारांच्या नोटा देतं ते मशीन नको, लाखाची नोट देतं ते घे. एका खेपेत दुप्पट मिळतात!

हो, मंडळी, लाखाची नोट! तिकडे आपल्या पाचशेच्या आसपास रुपयांना त्यांचे एक लाख होतात. फुलवाली बाई एका रात्रीत लखपती!

शुक्रवार. सकाळचे अकरा. हौसाक्का बँकेच्या दारात. बाकीच्या बायका समोरच्या झाडाखाली. दारात पहारेकरी. मशीन भिंतीत, बँक उघडी, लाखाच्या नोटांची खूण आहे. सगळं मेघनानं सांगितल्यासारखं! दोन खेपांत काम होणार. कार्ड घातलं. पंचवीस लाख मागितले. मशीननं विचारलं, रुपयांत देऊ का? हौसाक्कानं ‘नको’चं बटण असं दाबलं, असं दाबलं, की जसा उधार मागणाऱ्याला नकार!

आणि खर्रर्र करून नोटा बाहेर आल्या. कोऱ्या! लाख लाखाच्या!

आता ऐका, मंडळी, नीट ऐका. फुलवाली आहे ती. दिवसाचा पहिला पैसा हातात आला की भवानी झाली म्हणायचं, पैसा दोन्ही डोळ्यांना लावायचा, देवाकडं तोंड करून हात जोडायचे, आणि मगच दुसरं काम. चाळीस वर्षांची सवय! आणि तिनं वर पाहिलं तर काय? त्या मशीनच्या डोक्यावर फुलांचा द्रोण! सकाळी कुणीतरी वाहिलेला. उदबत्ती अजून जळतेय! अहो, मशीनलासुद्धा फूल वाहणारी माणसं ती!

हौसाक्काचे डोळे भरून आले. जे बघायला आली, ते डोळ्यांपुढे! नोटा कपाळाला लावल्या, डोळे मिटले, हात जोडले. ‘‘गणपतीबाप्पा, भवानी झाली. समद्यांचं भलं कर.’’

मागून पहारेकरी ओरडला, ‘‘ईबू! कार्तू!’’ पुन्हा ओरडला. तिसऱ्यांदा ओरडला!

हौसाक्काला ऐकू आलं. पण तिला वाटलं, ह्याला बक्षिसी पाहिजे असणार. मला फसवतो काय? मला सगळं म्हाईत हाय! तिनं डोळे आणखी घट्ट मिटले.

चौथी शिकलेली, गजरा घेऊन खिडकीत विचारायला गेलेली हौसाक्का. चार दिवस बायकांनी ‘हुशार, हुशार’ म्हटलं, आणि तिला वाटलं — मला सगळं माहीत आहे! मंडळी, कधी घसरतो माणूस? चढताना नाही. चढून वर पोचल्यावर, इकडं-तिकडं बघताना!

डोळे उघडले. दुसरी खेप काढायची म्हणून हात पुढे केला, तर कार्ड कुठाय?

आपल्याकडे बरीच मशीनं आधी कार्ड परत देतात, मग पैसे. ते मशीन आधी पैसे देतं, मग कार्ड. आणि कुणी उचललं नाही की चोराच्या हाती पडू नये म्हणून आत ओढून घेतं. गिळलं!

चौदा हजार कार्डात अडकले. अर्धे पैसे! आठ जणींचे! पारूबाईचे सहा महिने!

ती बाहेर आली. बायकांनी विचारलं, ‘‘मिळाले?’’ आणि हौसाक्का, जिनं जन्मात खोटं माप दिलं नाही, ती म्हणाली, ‘‘मिळालं की! आज निम्मं. निम्मं उद्या. मशीनचा नेम हाय तसा.’’

का बोलली खोटं? चोर होती? मुळीच नाही! काल जिनं सगळ्यांना सरांवर हसवलं, तिनं आज सगळ्यांपुढे म्हणायचं, की माझंच कार्ड गेलं? मान खाली घालायची? चाळीस वर्षं न घातलेली मान?

पारूबाईनं आपला वाटा घेतला. मोजला नाही, कमरेला खोचला. म्हणाली, ‘‘तू म्हणतीस म्हंजे झालं. उद्या तर उद्या.’’

मंडळी, शिवी दिली असती तरी एवढी लागली नसती.

सगळ्या देऊळ बघायला गेल्या. हौसाक्का म्हणाली, माजं पाय दुखत्यात. आणि हॉटेलच्या पायरीवर बसून राहिली. समोर सकाळचा फुलांचा द्रोण, त्यात एक मुंगी फिरतेय. मनात हिशोब — आज शुक्रवार. तीनला बँक बंद. उद्या-परवा सुट्टी. सोमवारी पहाटे विमान. विचारायचं तर आत्ता! पण कुणाला? मला इंग्रजी येत नाही. इंग्रजी येतं ते एकालाच. आणि त्याच्याच मशीनला मी जावई म्हणाले!

एक वाजला. दीड वाजला. जागची हलली नाही! दोन वाजले!

आता सांगा, कोणती फी चढतेय ही? मशीन लावतंय का? बँक लावतेय का? नाही! ही मिनिटागणिक चढतेय आणि आतून चढतेय!

दोन वाजून दहा मिनिटांनी हौसाक्का उठली. सर तरणतलावाशी खुर्ची टाकून बसलेले. तेही देवळाला गेले नव्हते, डोकं दुखतं म्हणून. ती समोर उभी राहिली. पदर खांद्यावरून घेतला. आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा मान खाली घातली.

‘‘सर, माजं कार्ड मशीननं गिळलं. चूक माजी हाय. बायकांस्नी मी खोटं सांगितलं. मला बोलता येत न्हाय. माज्यासंगं बँकेत चला.’’

तिला वाटलं, आता टोमणा येणार. आलाच पाहिजे, तिनं दिलेला होता! पण सरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, ‘‘हौसाक्का, माझं डोकं दुखत नाहीये. माझ्या हातातले पैसे संपलेत, आणि पुन्हा त्या मशीनपुढे जायचा धीर नाही. चार वेळा काढले, प्रत्येक वेळी फी, प्रत्येक वेळी रुपयांत. देवळात तिकीट आहे. बायकोला कसं सांगू, म्हणून इथं बसलोय. तुम्हालाच विचारणार होतो, पण कालच्या हसण्यानंतर तोंड होईना.’’

बघा, मंडळी! एका हॉटेलात दोन शहाणी माणसं, एक पायरीवर, एक पाण्याकाठी. हिला पाहिजे ते त्याच्याकडे, त्याला पाहिजे ते हिच्याकडे. मधे पन्नास पावलं! आणि तीन तास दोघं हललीच नाहीत!

‘‘उठा सर,’’ हौसाक्का म्हणाली. ‘‘आधी पळा. लाजायला सोमवारी इमान हाय!’’

पळाले! बासष्टची ही, सदुसष्टचे ते. अडीचला बँकेत. सरांनी वाटेत इंग्रजी वाक्य जुळवलेलं, मोठं, तीन कलमांचं. खिडकीशी उभे राहून सुरू करतात, तोच दारातला पहारेकरी पुढे आला. हौसाक्काकडे बोट केलं, खिडकीतल्या बाईला काहीतरी सांगितलं, आणि स्वतःचे डोळे मिटून, हात कपाळाला लावून, नमस्कार करून दाखवला! हुबेहूब! अख्खी बँक हसली. आणि हौसाक्का? तीही हसली! पदर तोंडाला लावून पोट धरून हसली. सरांचं वाक्य सरांकडेच राहिलं.

खिडकीतल्या बाईनं पासपोर्ट मागितला. तो हौसाक्काच्या कमरेच्या बटव्यात होता, आंघोळीलाही तिनं सोडला नव्हता. नाव पाहिलं, तोंड पाहिलं. सही घेतली. आत गेली, आणि कार्ड आणून समोर ठेवलं. हौसाक्कानं पटकन बटव्यात हात घातला. ‘‘सर, इचारा, किती फी?’’

सरांनी विचारलं. ती बाई जरा हसली. काय म्हणाली, ते सरांनी मराठीत सांगितलं, आणि सांगताना सरांचा आवाज बदलला.

‘‘म्हणते, फी काही नाही. फक्त मागायला यायचं असतं.’’

आहाहा! मंडळी, ऐकलंत?

पहारेकऱ्यानं आणखी सांगितलं, की तीन वाजता मशीन उघडून सगळी कार्डं शहरातल्या मोठ्या कचेरीत जातात. अर्धा तास राहिला होता. आणि म्हणाला, मी सकाळी तीनदा हाक मारली. ‘कार्तू’ म्हणजे कार्ड. आणि ‘ईबू’ म्हणजे काय ठाऊक आहे? आई! तो आई, आई म्हणून ओरडत होता, आणि आईला वाटलं, हा बक्षिसी मागतोय!

हौसाक्कानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग दुसरी खेप काढली. पहारेकरी शेजारी उभा! नोटा आल्या, हात कपाळाकडे निघाला, मधेच थांबला. आधी कार्ड घेतलं. बटव्यात टाकलं. नाडी ओढली. आणि मग डोळे मिटले.

मग सर पुढे झाले. कार्ड घातलं आणि थांबले. मागं वळून म्हणाले — बत्तीस वर्षं भूगोल शिकवलेले आठल्ये सर म्हणाले, ‘‘हौसाक्का, आता कुठलं बटण?’’

‘‘त्यो आपलं रुपय म्हणल, सर. तुमी नको म्हणा.’’

संध्याकाळी बायका देवळातून आल्या. हौसाक्कानं उरलेले पैसे पुढे ठेवले आणि सगळं सांगितलं. नमस्कार, कार्ड, खोटं बोलणं, काही ठेवलं नाही. शैलावहिनी हसल्या. बाकीच्या हसल्या. पारूबाई हसली नाही. पारूबाईनं तिचा हात धरला आणि म्हणाली, ‘‘दोपारी बोलली असतीस, तर मी बी देवळाला गेले नसते गं. तुज्यापाशी बसले असते.’’

तेव्हा मात्र हौसाक्का रडली.

तर मंडळी! सगळ्यात महाग फी कुठली? मशीनची फी चुकवायच्या चार युक्त्या आहेत, मेघनानं फुकट सांगितल्या. गजऱ्यावर सांगितल्या म्हणा! पण विचारायची जी लाज वाटते ना, त्या लाजेची फी! ती चुकवायला एकच युक्ती. उठायचं, पन्नास पावलं चालायचं, आणि म्हणायचं, मला येत नाही, माझ्यासंगं चला. विचारायला दमडी पडत नाही. न विचारायला घर पडतं!

आणि हा समोर उभा आहे ना, विटेवरचा असो, घाटावरचा असो, तुमच्या देव्हाऱ्यातला असो, त्याच्या खिडकीत काय लिहिलंय? फी नाही. फक्त मागायला यायचं! आपण येतो, पण नारळ आणतो, पावती फाडतो, मोठं तीन कलमांचं वाक्य जुळवतो. आणि जे खरं सांगायचं असतं, चूक माझी आहे, ते तेवढं घरी ठेवून येतो!

आता मी तुमच्याकडे वळतो. सुटलो म्हणू नका! इथं या देवळात कुणी मुलाशी दोन वर्षं बोललेला नाही. कुणाला औषधाची चिठ्ठी वाचता येत नाही, आणि तो सुनेला विचारत नाही. कुणाचं दुकान बुडत चाललंय, आणि भाऊ शेजारीच बसलाय, गुडघ्याला गुडघा लावून! मला नावं माहीत नाहीत. तुम्हाला आहेत.

तीनला बँक बंद होते, मंडळी. माझी, तुमची, सगळ्यांची. घड्याळात किती वाजलेत, ते आपल्याला दिसत नाही एवढंच.

म्हणून आज आरतीच्या आधी मी टाळी मागत नाही. आज प्रत्येकानं शेजारच्याकडे वळायचं आणि एक गोष्ट विचारायची, जी विचारायची लाज वाटत होती. मृदंग थांबेल. पेटी थांबेल. मी थांबतो.

चला. विचारा.